घारीने आपल्याला ओळखू नये

संक्रांतीपेक्षा किंक्रांतीचा दिवस आम्हाला जड जातो. संक्रांतीला सगळ्यांच्या नजरा वर पतंगांकडे असतात, झाडांकडे कोणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्च्या शांत झाल्या की लोकांना दिसायला लागतं, समोरच्या कडुलिंबाला काहीतरी लोंबकळतंय आणि अधूनमधून हलतंय. मग फोन सुरू होतात.

जखमी पक्ष्यांच्या उपचार केंद्रात मी काही वर्षं स्वयंसेवक म्हणून काम करतोय. अशाच एका किंक्रांतीला येवल्याहून एक आजी एसटीने आल्या. मांडीवर बुटांचा खोका, त्याला सुतळी बांधलेली. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंग उडतात, बांबूच्या आसाऱ्यांवर मांजा गुंडाळलेला असतो. त्यांच्या दारातल्या चिंचेत घार अडकली होती, नातवाने शिडी लावून काढली. आजी म्हणाल्या, "रात्री हळद लावली, चमच्याने पाणी पाजलं. पण खात नाही हो काही. तुम्ही बघा आता."

आजींनी जे केलं ते मायेपोटीच केलं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण जखमी वन्यजीवाला माया कशी करायची याचे नियम घरच्या मांजरापेक्षा फार वेगळे असतात, आणि ते का वेगळे असतात हेच मला इथे सांगायचंय.

पाण्यापासून सुरुवात करू. पक्ष्याची जीभ उचलून पाहिली तर तिच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड दिसतं, उघडंच. अशक्त पक्ष्याच्या चोचीत आपण पाणी सोडतो तेव्हा त्यातलं बरंचसं पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून चमचा नको, ड्रॉपर नको, कापसाचा बोळाही नको. दुसरं, पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतो. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते. घाबरून आपण त्याला छातीशी घट्ट धरलं की तो ओरडतही नाही, आपल्या हातात गुदमरतो. आणि हळद? हळद, तेल, मलम यांनी पिसं एकमेकांना चिकटतात. पिसांमध्ये अडकलेली हवा हेच पक्ष्याचं पांघरूण. ते गेलं की जानेवारीच्या रात्री तो थंडीनेच अर्धा होतो. शिवाय जखम नीट बघायची तर आधी ती हळद धुवावी लागते, आणि तेवढा वेळ पक्ष्याला पुन्हा हाताळावं लागतं.

मग करायचं काय? आजींचा खोका हेच बरोबर उत्तर होतं. पुठ्ठ्याचा खोका, त्याला चार भोकं, तळाशी जुना सुती कपडा. पक्ष्यावर पंचा टाकायचा, पंख अंगाशी मिटवून उचलायचा, घारीसारखा शिकारी असेल तर आधी पाय सांभाळायचे, कारण ती चोचीने नाही, नख्यांनी मारते. खोका बंद करून घरातल्या सगळ्यात शांत कोपऱ्यात ठेवायचा. टीव्ही बंद, कुत्रं बाहेर, मुलांनी उघडून बघायचं नाही. अंधार झाला की पक्ष्याच्या दृष्टीने संकट थोडं लांब जातं. आणि फोन लावायचा १९२६ वर. ही महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार जंगली प्राणी ही सरकारची मालमत्ता. असा प्राणी तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. 'बरी होईपर्यंत ठेवू घरीच' हे कायद्यातही बसत नाही आणि पक्ष्यालाही मानवत नाही.

आजींची घार मी टेबलावर घेतली तेव्हा ती अगदी गप्प होती. नवीन माणसाला वाटतं, किती शांत आहे, समजलंय हिला की आपण मदत करतोय. तसं काही नसतं. जंगलात जो दुखणं दाखवतो तो आधी मारला जातो, म्हणून तो शेवटच्या क्षणापर्यंत दुखणं लपवतो. त्या गप्प बसण्यामागे छाती धडधडत असते. तुम्ही तिच्या डोक्यावरून हात फिरवता तेव्हा तिच्या लेखी एक मोठा प्राणी तिला खाण्याआधी चाचपून बघतोय. हरणांमध्ये तर ही भीती थेट जीव घेते. काळवीट किंवा चिंकारा पकडताना फार पळवला, फार वेळ धरून ठेवला, तर त्याचे स्नायू अतिश्रमाने आतल्या आत फुटू लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं आणि हृदय बंद पडतं. कधी तासाभरात, कधी सोडल्यानंतर दोन-चार दिवसांनी. अंगावर जखम एकही नसते. म्हणून मुरलेले वनकर्मी हरणाजवळ पोचले की आधी त्याचे डोळे झाकतात आणि जमलेल्या गर्दीला गप्प करतात. दोरी, जाळं, औषध यांची पाळी त्यानंतर येते.

घारीच्या छातीवरून मी बोट फिरवलं. मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागत होतं. म्हणजे दोन्ही बाजूंचे स्नायू झिजलेले, ही एका दिवसाची जखम नव्हे. बहुधा तीन-चार दिवस ती त्या चिंचेत होती. अशा उपाशी पक्ष्याला लगेच मटणाचे तुकडे भरवले तर तो मरतो, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पण रिकाम्या पडलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार झपाट्याने पेशींमध्ये ओढले जातात आणि हृदय बिघडतं. म्हणून क्रम ठरलेला : आधी ऊब, मग सलाईन, मग पातळ अन्न, मग बिनहाडाचे छोटे तुकडे, आणि सगळ्यात शेवटी अख्खा उंदीर किंवा कोंबडीचं पिल्लू, केस-पिसं-हाडांसकट. शिकारी पक्षी न पचलेल्या केसा-हाडांची गोळी करून ती ओकून टाकतो. ती गोळी पडली की पोट रुळावर आलं असं समजायचं. आमच्याकडे सकाळी पिंजऱ्याखाली ती गोळी सापडली की कोणीतरी दुसऱ्याला आवर्जून हाक मारून दाखवतं.

आता जखम. पंख उघडला की खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या कडेला कातडीचा एक पातळ पडदा ताणलेला दिसतो. शिडाला जशी पुढची ताण दोरी असते तशी त्याच्या कडेत एक कंडरा असते. उडताना हवा आधी तिथेच कापली जाते, आणि मांजाही तिथेच बसतो. सुती मांजा ताण आला की तुटतो, पावसात कुजतो. नायलॉनचा तुटत नाही, कुजत नाही. घार फडफडते, प्रत्येक फडफडीला तो करवतीसारखा आत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. बंदी आहे, तरी तो दर संक्रांतीला विकला जातो, आणि झाडात अडकलेला पुढची कित्येक वर्षं तिथेच राहतो. त्यामुळे आमच्याकडे मांज्याचे पक्षी जूनमध्येही येतात. घारी घरट्यात चिंध्या, दोरे गोळा करतात, त्यात मांजाही असतो, आणि मग पिल्लाच्या पायाला तो गुंडाळला जातो. संक्रांतीच्या दिवसांत घारींची घरट्यांची लगबग सुरू असते, हे लक्षात घेतलं तर एका घारीमागे किती जीव टांगलेले असू शकतात ते कळेल.

आजींच्या घारीचा पडदा फाटला होता, पण कंडरा शाबूत होती. डॉक्टरांनी भिंगातून तीनदा बघून घेतली. कंडरा पूर्ण तुटली असती तर पंख उघडायलाच आला नसता. टाके घालताना पडदा चुकूनही ओढून शिवायचा नाही, नाहीतर भरून येताना तो आकसतो आणि पंख कायमचा अर्धवट उघडतो. हाड मोडलं असतं तर आणखी एक भानगड. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असतं आणि त्याच्या आतली हवा श्वसनाच्या पिशव्यांशी जोडलेली असते. तिथली उघडी जखम आपण खळखळून धुतली तर पक्षी आपल्या टेबलावर, कोरड्या खोलीत, बुडून मरू शकतो.

दुखणं थांबवायच्या औषधाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. घरातली गोळी कुटून देऊ नका. माणसाला चालणारं औषध पक्ष्याला चालतंच असं नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली जनावरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली, आणि मूत्रपिंडं निकामी होऊन आपल्या देशातली गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकही. गिधाडांना चालतं असं तपासून सिद्ध झालेलं वेदनाशामक म्हणजे मेलॉक्सिकॅम. आमच्याकडच्या घारींनाही डॉक्टर तेच देतात, वजन काट्यावर घेऊन, ग्रॅमच्या हिशोबाने.

जखम दोन-तीन आठवड्यांत भरते. मोडलेलं हाडसुद्धा पक्ष्याचं आपल्यापेक्षा लवकर जुळतं. लोक फोन करून विचारतात, "बरी झाली ना? मग सोडली का?" इथेच मोठा गैरसमज आहे. जखम बरी होणं हा निम्मा रस्ताही नाही. घारीला उडायचं नसतं, उडून जगायचं असतं. म्हणजे वाऱ्यावर घिरट्या घालायच्या, कावळ्यांना चुकवायचं, चालत्या रस्त्यावरून तुकडा उचलायचा, आणि हे रोज.

आधी पिसांचं बघू. पीस हे आपल्या नखासारखं असतं. पूर्ण वाढलं की त्यात ना रक्त, ना संवेदना. मधूनच तुटलं तर ते तसंच तुटकं राहतं, पुढची पिसं गळायची वेळ येईपर्यंत. पंखाची चार पिसं तुटलेली असतील तर पक्षी ठणठणीत असूनही महिनोन् महिने अडकून पडतो. यावर एक जुना इलाज आहे, ससाणे पाळून शिकार करणाऱ्या बाजदारांनी शेकडो वर्षांपूर्वी शोधलेला. मेलेल्या घारीची पिसं आम्ही परवानगीने जपून ठेवतो, पंखानुसार, क्रमांकानुसार, पाकिटात. तुटलेल्या पिसाचा पोकळ दांडा नीट कापायचा, बांबूची बारीक काडी तासून अर्धी त्यात आणि अर्धी नव्या पिसात बसवायची, थेंबभर गोंद. पिसाचा कोन केसभर चुकला तर शेजारची पिसं त्यावर घासतात. मी पहिल्यांदा बांबूची काडी तासली तेव्हा एका पिसाला पाऊण तास लागला. दुसऱ्याच्या पिसांवर ती घार उडते आणि वेळ आली की ती पिसं गाळून आपली नवी उगवते. पुढचा त्रास टळावा म्हणून पिंजऱ्यात असेपर्यंत तिच्या शेपटीला जुन्या एक्स-रे फिल्मचं आवरण घालतो, बसायच्या दांडीला काथ्या गुंडाळतो. गुळगुळीत टणक दांडीवर दिवसच्या दिवस बसून शिकारी पक्ष्याचे तळवे सुजतात आणि ती सूज जखमेपेक्षा चिवट असते.

मग लांब पिंजरा. शंभर फुटांचा मिळाला तर उत्तम. पहिल्या दिवशी आजींची घार दांडीवरून जमिनीवर आली आणि बसून राहिली. आठवड्याने ती या टोकाहून त्या टोकाला जाऊ लागली, पण बसल्यावर चोच उघडी. धाप लागली की अजून दम आलेला नाही. मी वहीत रोज तीनच गोष्टी लिहायचो : किती फेऱ्या, दोन्ही पंख सारखे उघडतात का, किती वेळात तोंड मिटलं.

आणि याच काळात सगळ्यात अवघड नियम पाळावा लागतो. तिच्याशी बोलायचं नाही. तिला नाव ठेवायचं नाही. अन्न कापडाआडून सरकवायचं. मोठ्या घारीला हा धोका कमी, कारण ती घार म्हणूनच वाढलेली असते. पिल्लांचं तसं नसतं. डोळे उघडल्यावर जो भरवतो तो आपला, अशी खूणगाठ पिल्लाच्या मनात बसते आणि ती सहजी सुटत नाही. एका उन्हाळ्यात माझ्याकडे गव्हाणी घुबडाचं एकुलतं एक पिल्लू होतं. जुना वाडा पाडताना सापडलेलं. मी नवा होतो, रात्री त्याला भरवताना गप्पा मारायचो. ते माझ्या आवाजाने मान वाकडी करायचं आणि मला धन्य वाटायचं. मोठं झाल्यावर ते प्रत्येक माणसाच्या खांद्याकडे झेपावू लागलं. ज्या देशात दिवाळीला अंधश्रद्धेपायी घुबडं धरली जातात, तिथे माणसाला न घाबरणारं घुबड कसं सोडायचं? ते सुटलं नाही. तो दोष माझा होता, आणि त्यानंतर मी पिल्लाजवळ कधी तोंड उघडलेलं नाही. आता एकटं पिल्लू आलं की त्याच जातीची दुसरी पिल्लं शोधून एकत्र ठेवतो, आईच्या तोंडासारखा दिसणारा हातमोजा घालून भरवतो.

त्याहूनही चांगलं म्हणजे पिल्लू मुळात आणूच नये. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात ही समजूत खरी नाही. घरट्यातून पडलेलं, अंगाला इजा नसलेलं पिल्लू परत घरट्यात ठेवा, घरटं मोडलं असेल तर टोपलीत गवत घालून त्याच फांदीला बांधा, आणि लांब जाऊन बसा. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू तर हरवलेलं नसतंच. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप वरून बघत असतात.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या उसाच्या पट्ट्यात हेच बिबट्याच्या बाबतीत करतात. माद्या उसात वितात, कारण त्यांना ते रानच वाटतं. तोडणी सुरू झाली की कोयत्याखाली बछडे सापडतात, मांजराच्या पिल्लाएवढे. पूर्वी ते उचलून नेले जात आणि त्यांचं आयुष्य पिंजऱ्यात जाई. माणिकडोहला जुन्नरजवळ बिबट निवारा केंद्र आहे, तिथले पशुवैद्यक आणि वनकर्मी आता बछडे तपासतात, आणि संध्याकाळ व्हायच्या आत त्याच शेतात, त्याच जागी, उघड्या क्रेटमध्ये ठेवून देतात. कॅमेरा लावतात, तोडणी थांबवतात, माणसं हटवतात. अंधार पडल्यावर आई येते, क्रेटभोवती फिरते, एकेकाला मानेला धरून नेते. कधी एका रात्रीत, कधी दोन-तीन रात्री वाट बघावी लागते. इथे औषध जवळपास काहीच नाही. शेतकऱ्याने एक रात्र शेत सोडलं, एवढाच इलाज.

कुठे सोडायचं हा प्रश्न कसं बरं करायचं याइतकाच मोठा आहे. जुन्नरच्या बिबट्यांवर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून दिसलं की पकडलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडल्यावर त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक पोक्त नर बाहेर काढून, गळ्यात ठिकाण कळवणारी कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. त्याला 'आजोबा' नाव पडलं. तो शंभराहून अधिक किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, वाटेत कोणाला धक्का न लावता. बिबट्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा नकाशा असतो.

वाघांच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. मध्य प्रदेशातल्या पन्नात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. कान्हात कुंपणात वाढवलेल्या दोन अनाथ बहिणी २०११ मध्ये तिथे सोडल्या, त्या रुळल्या, आईही झाल्या. पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीची बछडी पेंचमध्ये कुंपणात वाढली, शिकार शिकली, मार्च २०२१ मध्ये सुटली, आणि काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झटापटीत जखमी होऊन मेली. शिकवण्यात काही कमी राहिलं होतं असं मला वाटत नाही. पन्नात जागा रिकामी होती. पेंचमध्ये प्रत्येक जागेची मालकीण आधीच ठरलेली होती.

काही जीव सुटतच नाहीत. एक पंख सांध्यातून गेलेली घार, दोन्ही डोळे गेलेलं घुबड. त्यांना पिंजऱ्यात ठेवायचं की वेदनेतून मोकळं करायचं, हे डॉक्टर आणि वन विभाग मिळून ठरवतात. त्या दिवशी केंद्रात कोणी फारसं बोलत नाही. पण जन्मभर भीतीत पिंजऱ्यात ठेवणं ही दया आहे असं मला वाटत नाही.

आजींची घार सत्तेचाळीस दिवस राहिली. वजन ५८० ग्रॅमवरून ७४० वर गेलं. मार्च लागता लागता मी तिला खोक्यात घालून परत येवल्याला नेलं, कारण तिथला पाणवठा, तिथला बाजार, तिथली उष्ण हवेची उसळी तिला ठाऊक होती. ऊन तापायला लागलं तेव्हा, दहाच्या सुमारास, आजींच्या चिंचेपासून थोडं लांब खोका जमिनीवर ठेवला आणि झाकण उघडलं. हवेत फेकायचं नसतं, तिचं तिला ठरवू द्यायचं. आजी ओट्यावर उभ्या होत्या, मी त्यांना आधीच सांगितलं होतं की हाक मारू नका.

मिनिटभर काही झालं नाही. मग ती एकदम निघाली, कौलांवरून, विजेच्या तारा टाळून, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसली. चोच मिटलेली होती. दोन कावळे आले, मग सहा. एक तिच्या शेपटीला चोच मारून गेला तशी ती टाकीवरून सुटली, हवेत उलटी होऊन तिने नख्या दाखवल्या, आणि बाजाराच्या दिशेने गोल फिरत वर गेली. आजींनी विचारलं, "परत येईल का हो?"

"नाही येणार, आजी."

"बरं झालं," असं म्हणून त्यांनी आत जाऊन चहा ठेवला. मी दुपारपर्यंत दुर्बीण घेऊन टाकीखाली बसलो होतो. ती खाली आली नाही.